धाकटा बाहेर गेलाय

आयुष्यभर हिने जिवंत माणसांची मापं घेतली, आणि आता साठी उलटल्यावर मेलेल्यांच्या मागे लागली आहे, असं शिवणबाईंचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सांगताना स्वतःच हसायचा. पण बाई कागदाची सुरळी, ब्रश आणि छोटी बादली घेऊन निघाल्या की पिशवीत पाण्याची बाटली तोच आठवणीने घालायचा.

शिवणबाई म्हणजे मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई. गावातल्या निम्म्या बायकांनी पहिली टीप त्यांच्या हाताखाली घातलेली आणि त्यांच्याच हाताने उसवूनही घेतलेली. त्यामुळे नोकरी संपली तरी नाव गेलं नाही. बाजारात भाजीवालीसुद्धा ‘शिवणबाई, आज घाईत?’ असंच विचारायची.

घाई असायची ती दगडांची. लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेले दगड कुठे कुठे उभे असतात. शाळेच्या आवारात, कचेरीच्या मागे, चौकात रिक्षांच्या आड. लोक त्यांना सायकली टेकवतात, त्यांच्या पायथ्याशी डबे खातात. बाई त्या दगडांचे ठसे घेत. मग एकेका नावाचं घर शोधून काढत आणि त्या माणसामागे कोण राहिलं, त्यांचं पुढे काय झालं, हे लिहून ठेवत. कुणी सांगितलेलं काम नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, ‘शिवणाला आता डोळे पुरत नाहीत, दगडाला पुरतात.’

खरं कारण वेगळं होतं. बाई रांगत होत्या तेव्हा त्यांचे वडील लढाईत गेले. माहेरच्या गावात त्यांचं नाव असलेला एक दगड होता, पण आई असेपर्यंत तिकडे जायचा विषय तिने काढू दिला नाही. ती गेल्यावर बाई गेल्या, तेव्हा रस्ता रुंद झाला होता आणि दगडाच्या जागी नळाच्या पाइपांचा ढीग होता. समोरचा पंक्चरवाला म्हणाला, “होता खरा इथे एक. त्याची खडी झाली असणार.” बाई त्या नव्या रस्त्यावरून चालत स्टँडवर आल्या. पायाखाली काय आहे हे त्यांनी पाहिलं नाही. घरी आल्यावर मात्र चपला धुऊन ठेवल्या.

बाईंची कामाची रीत ठरलेली. अक्षरं धड असतील तर कटिंगचा पातळ कागद दगडावर चिकटवायचा आणि काळा मेणाचा खडू आडवा फिरवायचा. अक्षरं झिजलेली असतील तर जाड, मऊ कागद भिजवून दगडावर बसवायचा आणि कपड्याच्या ब्रशने ठोकत राहायचं. ओला कागद हळूहळू अक्षरांत उतरतो. वाळून सुटला की दगडावरच्या चरी त्याच्या पाठीवर जशाच्या तशा असतात, हात फिरवला तर बोटाला लागतात. बाईंच्या मुलीला हा प्रकार आवडत नसे. ती म्हणे, “आई, तू ठोकतेस तेव्हा असं वाटतं की आतून कुणीतरी पलीकडून बोट दाबतंय.” बाई म्हणत, “दाबू दे. तेवढंच काम हलकं.”

आणि त्या माणसाच्या घरी गेल्यावर, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी, दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं. चुकीचं कोरलेलं असेल तर घरचं माणूस तिथल्या तिथे सांगतं, म्हणून. शिवाय त्या दारात ते नाव कुणी मोठ्याने घेऊन किती वर्षं झाली असतील, असंही बाईंच्या मनात असे. नाव ऐकून कुणी मटकन खाली बसे, कुणी ‘थांबा हं’ म्हणून आतून फोटो घेऊन येई. एकदा एका म्हातारबुवांनी दार लावून घेतलं होतं. या सगळ्याची बाईंना सवय झाली होती.

बस डेपोच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरी जे झालं, त्याची मात्र सवय कुणालाच नसती.

भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार एका उतारवयाच्या बाईंनी उघडलं. हातात पिठाची चाळण, केस घाईने बांधलेले. शिवणबाईंनी नेहमीप्रमाणे पिशवी खाली ठेवली, कागद उलगडला आणि डेपोच्या दगडावरचं तिसऱ्या ओळीतलं नाव स्वच्छ, मोठ्याने वाचलं.

“आलो!” आतून जाड पुरुषी आवाज आला.

आणि पाठोपाठ सत्तरीचा एक माणूस ओले हात पुसत बाहेर आला. “कोण मला हाका मारतंय?”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्याच्या नावाचा कागद हातात होता, तो समोर उभा राहून हात पुसत होता. माणसाची नजर कागदावर गेली. त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

“आईंसमोर काही बोलू नका,” चाळणवाल्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “आत या. पण बोलू नका.”

“कोण आलंय?” पलीकडून तिसरा आवाज आला. म्हातारा, पण खणखणीत. “धाकटा का?”

“नाही आई. एक बाई आल्यात.”

“बाहेरून आल्या ना? विचार त्यांना, धाकटा दिसला का कुठे.”

पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून, एक फार म्हातारी बाई खुर्चीत बसली होती. डोळ्यांत पांढुरकी साय. खोली लख्ख होती. भिंतीलगत दोन पलंग होते. एकावर चुरगळलेली चादर आणि वर्तमानपत्र. दुसऱ्यावरची चादर अशी ताणलेली की तिच्यावर कधी कुणी हातही टेकला नसावा. दाराशी पुरुषी सपातांचा एक कोरा करकरीत जोड होता, आणि त्याच्या बाजूला त्याच मापाचा एक झिजलेला. माणसाने झिजलेल्यात पाय घातले आणि आईशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. म्हातारीने न बघता हात पुढे केला, त्याने तो हातात घेतला.

“दिसला का गं पोरी?” म्हातारीने विचारलं.

शिवणबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, “मी ओळखत नाही हो त्यांना.”

“थोरल्यासारखाच आहे,” म्हातारी म्हणाली आणि शेजारच्या हातावर थोपटलं. “याच्यासारखाच. फक्त आवाज बारीक.”

पुढची हकिकत त्या माणसाच्या बायकोने सांगितली. स्वयंपाकघरात, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

थोरला लढाईवर गेला होता आणि धाकटा घरी होता. आईला ताप भरला, असा की शुद्ध हरपली. त्याच तापात थोरल्याचं कळलं. वडिलांनी तार वाचली आणि खिशात ठेवली. कित्येक दिवसांनी आईचा ताप उतरला तो डोळे घेऊनच. उशाशी धाकटा बसलेला. थंडी म्हणून थोरल्याचा कोट घातलेला. आईने चाचपडून कोटाची बाही धरली आणि म्हणाली, “आलास? आलास ना तू?”

“आणि हे म्हणाले, हो,” बायको म्हणाली. “तेवढीच रात्र आईला झोप लागावी म्हणून. मग तिने विचारलं, धाकटा कुठाय? मामंजी म्हणाले, बाहेर गेलाय, येईल.”

“मग?”

“मग काय? गेलाय तो गेलाय. अजून बाहेरच आहे.”

नळ वाहत होता. शिवणबाईंनी विचारलं, “कुणीच सांगितलं नाही?”

“आधी डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद येऊ द्या. ताकद आली तोवर मामंजींचा धीर गेला. गल्लीनेही सांभाळून घेतलं. भाजीवाला, दूधवाला, सगळे यांना थोरल्याच्याच नावाने हाक मारायचे. आवाज जाड काढायची यांना सवय लागली, तो आता जाडच झाला. तो दगड बसवला तेव्हा आमच्या घरचं कुणी गेलं नाही. कुठल्या तोंडाने जाणार?” तिने नळ बंद केला, पुन्हा सोडला. “तशा आई हुशार. दर दोन वर्षांनी धाकट्यासाठी नव्या सपाता आणायला लावतात. एकदा यांनी चुकून पायात घातल्या, तर नुसत्या चालीवरून ओरडल्या, काढ, त्या धाकट्याच्या आहेत!”

“आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता त्यांना?”

“माझं काही अडलं नाही बाई. मी ‘अहो’ म्हणते. दोघांतला जो ओ देईल तो माझा नवरा.” ती हसली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

परत जाताना तो माणूस शिवणबाईंना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. डेपोच्या भिंतीशी थांबला. आयुष्यभर याच डेपोत तो मेकॅनिक होता.

“ताई, तुम्ही मागे राहिलेल्यांना लिहून ठेवता ना? मग मला लिहा.”

“लिहिणारच. आई आणि तुम्ही.”

“कुठल्या नावाने?”

बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“डेपोत होतो तोवर मी मी होतो,” तो म्हणाला. “गेटाच्या आत गेलो की सगळे माझ्या नावाने हाका मारायचे. निवृत्त झालो आणि ते गेलं. बरोबरचे एकेक करून गेले. आता माझं नाव घेणारं जगात एकच तोंड उरलंय, आणि ते दिवसभर माझ्या शेजारी बसून दाराकडे बघून मला हाका मारतंय. ओ देता येत नाही. आई आता किती दिवसांची? एकदा तिने माझ्याकडे तोंड करून हाक मारावी, बस. मग लिहा त्या नावाने.”

“मग सांगा की त्यांना.”

“मी सांगितलं तर तिला वाटेल, थोरल्याला भ्रम झाला. मागे एकदा प्रयत्न केला होता. तर मलाच कपाळाला हात लावून बघायला लागली, ताप आहे का म्हणून.” तो थोडा वेळ भिंतीचा पोपडा नखाने काढत राहिला. “धाकटा यायचा तर थोरला जायला हवा ना. तुमच्याकडे कागद आहे.”

घरी आल्यावर शिवणबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाटाणे सोलत होता. सोलायचा थांबला.

“मापं घ्यायला गेलीस आणि कापायला निघालीस,” तो म्हणाला.

“मी कुठे काही कापतेय?”

“त्या म्हातारीचा एक मुलगा घरात आहे, एक येणार आहे. तू गेलीस की एक मेलेला आणि एक खोटं बोललेला. बघ बाई.”

बाईंना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच रागही आला. त्या रात्री त्यांनी शिवणाचा डबा उगाच उपसला आणि पुन्हा लावला. बापाचं नाव खडीत गेलं तेव्हा निदान रडायला दगड तरी असावा, असं त्यांना वाटलं होतं. या घरात दगड होता, आणि रडलं कुणीच नव्हतं.

सकाळी त्या डेपोमागे गेल्या. अक्षरं धड होती, तरी तिसऱ्या ओळीवर ओला कागद बसवला. ब्रशने ठोकायला लागल्या. ठक ठक ठक. बसेस आत येत होत्या, बाहेर जात होत्या. कागद हळूहळू आत ओढला गेला आणि एकेक अक्षर खालून वर यावं तसं दिसू लागलं. एक क्षण बाईंना वाटलं की आपण दार ठोठावतोय. त्यांनी हात थांबवला आणि नंतर बेतानेच मारलं. ऊन चढलं तसा कागद कडेने आपोआप सुटून आला.

दारात बायको आडवी उभी राहिली.

“मी सांगते स्पष्ट,” ती म्हणाली. “यांना नाव हवंय, मला म्हातारी हवी आहे. मी या घरात आले तेव्हापासून त्या मला एका शब्दाने वावगं बोलल्या नाहीत. छळलं असतं तर मी म्हटलं असतं, वाचा कागद, वाजवा बँड. तुमच्या कागदाने त्या गेल्या, तर तुम्ही काय, तेही लिहून ठेवाल.”

शिवणबाई परत फिरल्याही असत्या. पण आतून म्हातारीने हाक मारली, “कोण आहे दारात? धाकटा का?” आणि नेमका तेव्हाच तो माणूस बायकोच्या मागे येऊन उभा राहिला. बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बाजूला झाली.

आत शिवणबाईंनी नाव मोठ्याने वाचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रीत मोडली. कागद म्हातारीच्या मांडीवर ठेवला आणि तिचं बोट उचलून पहिल्या अक्षरावर टेकवलं.

“आजी, वाचता येतं ना बोटांनी?”

“येतं की. पोरांच्या कॉलरींच्या आत मी नावं घालायचे. दोघे भांडायचे कापडावरून.” बोट पुढे सरकलं. दुसरं अक्षर. तिथून पुढे. “पण हे मी घातलेलं नाही. टाका नाही हा.”

“नाही. हे दगडावरचं आहे.”

“कुठल्या दगडावरचं?”

“लढाईत गेलेल्यांच्या.”

म्हातारीचं बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, मग पुन्हा पहिल्यापासून आलं. बाहेर डेपोत एक बस मागे घेत होते, तिच्या कंडक्टरची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. बायकोने भिंतीला पाठ लावली होती. शेजारच्या स्टुलावर तो मान खाली घालून बसला होता, आणि आईचा दुसरा हात त्याच्या हातात होता.

म्हातारी रडली नाही. तिने फक्त तो हात काढून घेतला.

“तरीच,” ती म्हणाली.

“तरीच काय, आई?” बायकोने विचारलं.

“थोरला माझ्याजवळ एवढा वेळ कधी बसला नसता.”

मग तिने मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला आणि धाकट्याला हाक मारली. जेवायला ये म्हणून पोराला मैदानातून बोलवावं तशी मोकळी, लांब हाक. त्या वयाच्या गळ्यातून निघेल असं वाटलं नसतं. भांड्यांच्या फळीवरचा पेला किणकिणला.

आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. शिवणबाईंनी, काही संबंध नसताना, पाहिलं. त्यानेही पाहिलं. स्टुलावर बसल्या बसल्या, मान उंचावून, डोळे बारीक करून तो उघड्या दारातल्या उन्हाकडे बघत राहिला. धाकटा येतोय का, ते बघत.

आत कुणी आलं नाही. दारात नुसतं ऊन होतं.

“जा ना,” बायको हळूच म्हणाली. “तुम्हाला बोलावतायत.”

तो उठला. आई हातभर अंतरावर होती, नुसतं वाकलं तरी पुरलं असतं. पण तो तिच्याकडे वळला नाही. अनवाणी चालत दारापर्यंत गेला, उंबरा ओलांडून बाहेर पायरीवर उतरला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. किती वेळ, ते शिवणबाईंना नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. एकदा त्यांना वाटलं, हा आता तसाच गल्लीतून चालत निघून जाणार. बायकोलाही तेच वाटलं असावं, कारण तिने तोंडावर हात धरला.

मग तो वळला आणि आत आला. पण चाल वेगळी होती. पाय हलके पडत होते, आणि थोडे घाईचे.

म्हातारीने पावलं ऐकली. तिचा चेहरा पावलांबरोबर फिरत आला आणि तो समोर थांबला तेव्हा थांबला.

“कुठे होतास रे?” तिने विचारलं. “किती हाका मारायच्या?”

“दादाकडे होतो, आई.”

तो आवाज बारीक होता, मिसरूड न फुटलेल्या पोराचा. त्याच्या बायकोने तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती भिंतीपासून सुटली आणि नकळत एक पाऊल मागे, स्वयंपाकघराच्या दारात सरली.

म्हातारीने मांडीवरचा कागद तळव्याने सपाट केला.

“म्हणजे थोरला एकटा नव्हता,” ती म्हणाली. आणि खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरून तिने त्याला बसायला जागा केली.